दार हिरवं होतं, तरी पैसे दिले

खानापूर कोर्टात आमचा वाटणीचा दावा. प्रतिवादी सख्खा चुलतभाऊ, राहतो निपाणीला. कोर्टाचा बेलीफ 'घर बंद' शेरा मारून समन्स घेऊन परत आला. सात दिवसांत पुन्हा अर्ज न दिल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो, त्याचाच धसका. अर्जावर हँड समन्स, म्हणजे आपणच नेऊन द्यायचं समन्स, मिळालं आणि बाहेर चहाच्या टपरीवर एक एजंट भेटला. "काका, त्यानं नाही घेतलं तर दारावर डकवतो. फोटो, पंच, अफिडेविट, सगळं माझ्याकडं." समन्सचे 4,500, पंचांचे 1,200, अफिडेविटचे 800. एकूण 6,500 रुपये, तेही कुणा बाईच्या नंबरवर.

चार दिवसांनी फोटो आला. दार हिरवं! चुलतभावाच्या घरचं, आमच्या काकांचं, दार सागवानी. त्याच्या कडीत सापडून लहानपणी माझं नख गेलंय, ते दार मी विसरेन? तरी मनाशी म्हटलं, रंग दिला असेल. सागवानाला ऑइलपेंट कोण देतं हो? सोबतच्या पोस्टाच्या पावतीवर पिन 591201, म्हणजे चिकोडी. निपाणीचा 591237. तोही बघितला नाही. अफिडेविट कन्नडमध्ये, मला बोलता येतं, वाचता येत नाही. हसू नका, असे इथं घरटी आहेत. न वाचता सही मात्र करू नका.

वकिलांनी कागद बघून कपाळाला हात लावला. हँड समन्सवर प्रतिवादीची सही लागते. त्यानं नाकारलं तर समन्स कोर्टाकडूनच पुन्हा निघतं. डकवणं बेलीफचं काम, दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 5, नियम 17. म्हणजे फोटो खरा असता तरी फुकट! वर शपथ माझ्या नावानं, 'मी स्वतः डकवलं' अशी. दाखल झालं असतं तर खोट्या शपथेपायी मीच अडकलो असतो.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, पैसे राजीखुशीनं दिलात, सिव्हिल मॅटर. मग म्हणे, घर निपाणीचं, तिकडं जा. मग, अर्ज कन्नडमध्ये आणा. टायपिंगला 150 गेले. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच नाही. हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते, नव्या फौजदारी कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम 173. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर! पैसे मोबाईलवरून गेले असतील तर आधी 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, फिरवा. मी नऊ दिवसांनी फिरवला.

समन्स बजावायची प्रोसेस फी पुन्हा भरली, तारीख दोन महिन्यांनी. त्या एजंटाचा नंबर अजून चालू आहे, डीपीला काळा कोट.