गच्चीवरच्या पत्र्याच्या छपराला खरोखर किती खर्च येतो? एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

बोरिवली पश्चिमेला असलेली आमची सोसायटी तळमजला अधिक तीन मजल्यांची, १६ सदनिकांची आणि ३० वर्षांहून जुनी आहे. वरच्या घरांतली गळती थांबवण्यासाठी २०२५ च्या एप्रिलमध्ये आम्ही गच्चीवर कायमचे पत्र्याचे छप्पर बसवून घेतले. त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईत एरवीच्या ११ जूनऐवजी २६ मेलाच येऊन धडकला, त्यामुळे नव्या छपराची परीक्षा अपेक्षेपेक्षा लवकरच सुरू झाली. आता पूर्ण पावसाळा, ऑक्टोबरचा उन्हाळा आणि थंडीचे महिने सरल्यावर त्याबद्दल काही खात्रीने लिहिता येते.

सर्वांत आधी पैशांविषयी, कारण प्रत्येक जण तेच विचारतो. फॅब्रिकेटर, म्हणजे छप्पर उभारणारा ठेकेदार, दर सांगतो तो चौरस फुटाचा, आणि तो गच्चीच्या नव्हे तर पत्र्याच्या क्षेत्रफळाला लागतो. आमची गच्ची २,४०० चौरस फुटांची आहे, पण उतार आणि कठड्याबाहेर काढलेली पत्र्याची झड धरून मोजणी २,७०० चौरस फूट झाली. तीन ठिकाणांहून कोटेशन मागवली होती. ती १८५, २६५ आणि ३१० रुपये अशी आली आणि मधले स्वीकारले. म्हणजे ७,१५,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,२८,७९० रुपये, असे ८,४४,२९० रुपये. याशिवाय पन्हळी आणि पावसाच्या पाण्याचे नवे पाइप ५८ हजार, स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि आर्किटेक्ट यांचे मिळून ४० हजार, कठड्याची दुरुस्ती आणि राबिट (बांधकामाचा मलबा) उचलण्याचे ४५ हजार. एकूण ९ लाख ८७ हजारांच्या घरात आकडा गेला. ज्याला २६५ चा दर म्हणतात तो प्रत्यक्षात चौरस फुटाला ३६५ रुपये पडला, आणि नव्या छपराचा विचार करणाऱ्याने हा शंभर रुपयांचा फरक पहिल्या सभेतच सभासदांपुढे मांडावा, असे मला मनापासून वाटते. नंतर सांगितले की कमिटीवरचा विश्वास उडतो.

आता त्या २६५ रुपयांच्या पोटात काय होते ते पाहू. पत्र्याचे फक्त ६२ रुपये होते. लोखंडी सांगाड्याचे, म्हणजे खांब, कैच्या (पत्र्याला आधार देणारे त्रिकोणी सांगाडे), बॉक्स पाइप, वेल्डिंग, गंजरोधक रेड ऑक्साइड आणि रंग यांचे १५० रुपये. चौरस फुटाला दीड किलो लोखंड आणि किलोला शंभर रुपये, असा तो हिशेब. उरलेले ५३ रुपये स्क्रू, रिज (माथ्यावरची जोडपट्टी), कडेच्या पट्ट्या, माल वर चढवणे आणि मजुरी यांचे. छपराचा भाव ठरतो तो पत्र्यावर नव्हे, तर सांगाड्याच्या वजनावर, आणि स्वस्त कोटेशनमध्ये कात्री लागते ती तिथेच. १८५ वाल्याने पातळ पाइप, दूरदूर खांब आणि ०.३५ मिलिमीटरचा पत्रा धरला होता. मुंबईत वाऱ्याचा भार हा कागदी विषय नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाचे झोत नोंदले गेले, आणि मे २०२४ मध्ये घाटकोपरला वादळी वाऱ्यात महाकाय फलक कोसळून माणसे दगावली. उघड्या बाजूंच्या छपराला वारा खालून उचलतो, म्हणून खांब कशाला धरून आहेत हा प्रश्न पत्र्याच्या रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. आमच्याकडे बेस प्लेट, म्हणजे खांबांच्या तळाच्या लोखंडी पट्ट्या, इमारतीच्या मूळ कॉलमच्या डोक्यांवरच बसवल्या. मधल्या स्लॅबला भोके पाडली असती, तर गळती थांबवण्यासाठी केलेल्या कामातूनच नवी गळती निघाली असती.

पत्र्याची जाडी तपासण्याची एक सोपी रीत येथे सांगतो. पत्रा ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप असलेला रंगीत घेतला, कारण खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात नुसत्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा तो जास्त टिकतो. ०.५० मिलिमीटर जाडीचा, मीटरभर रुंदी झाकणारा दहा फुटी पत्रा वजनाला साधारण साडेतेरा किलो भरतो, ०.३५ चा साडेनऊच्या आसपास. टेंपोतून माल उतरला तेव्हा आम्ही वजनकाटा फाटकाशीच ठेवला होता आणि मधले दोन-चार पत्रे काढून तोलले. पुरवठादाराला त्यात वावगे वाटले नाही. ज्याला वाटेल त्याच्याकडून माल घेऊ नये.

पावसातला अनुभव. वरच्या मजल्यावरच्या चारही घरांत गेली कित्येक वर्षे जूनअखेर छताला ओल यायची, पंख्याच्या हुकाभोवती पिवळे वर्तुळ उमटायचे. या पावसाळ्यात त्यांपैकी एकाही घरात थेंब पडला नाही, ऑगस्टच्या मध्यात सलग चार दिवस मुसळधार कोसळला तेव्हाही नाही. त्या दिवसांत पन्हळीने मात्र दम तोडला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या २५० चौरस मीटरच्या पत्र्यावर १०० मिलिमीटर पडला की २५ हजार लिटर, म्हणजे अडीच टँकर पाणी पन्हळीत उतरते. शेजारच्या जांभळाची पाने एका पाइपच्या तोंडाशी अडकली आणि पाणी उलटून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीवर धबधब्यासारखे पडले. जाळी बसवल्यापासून तो त्रास नाही, पण पन्हळीला पाइप मोजूनमापून द्यावेत, तेथे काटकसर करू नये.

दुसरी तक्रार कारागिरीची आहे. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावरून, रबरी वॉशरसह मारले होते, ते योग्यच. परंतु भोके पाडताना उडालेला लोखंडाचा बारीक कीस त्याच संध्याकाळी झाडून काढला गेला नाही. पहिल्या सरीनंतर हिरव्या रंगावर तांबूस ठिपक्यांची पुरळ उठली. जवळून पाहिले तर प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी कीसाचा एक कण रुतलेला दिसत होता. ठेकेदाराने माणूस पाठवून पत्रा धुऊन घेतला आणि जेथे रंग खरवडला गेला होता तेथे हात फिरवला, पण काही डाग राहिलेच.

उन्हाचा फरक मला पावसाइतकाच मोलाचा वाटतो. स्लॅब आता थेट तापत नाही, त्यामुळे रात्री वरच्या घरांतल्या भिंतींतून येणारी धग गेली आहे. दुपारी पत्रा प्रसरण पावतो तेव्हा कट-कट आवाज येतो. त्याची सवय होते. पावसाचा ताशा खाली ऐकू येत नाही, कारण मध्ये मोकळी हवा आणि स्लॅब आहे. बैठ्या घरावर थेट पत्रा घालणाऱ्यांना मात्र आवाज आणि उष्णता या दोन्हींसाठी खालून फॉइल लावण्याचा खर्च वेगळा धरावा लागेल, आणि जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतील तर ते न फोडता, ओले करून उतरवण्याची मजुरीही.

खर्चाची वाटणी हा आमच्याकडे सर्वाधिक वादाचा भाग ठरला. तळमजल्यावरच्या सभासदांचे म्हणणे होते की गळती वरच्यांची, तेव्हा पैसेही वरच्यांनीच द्यावेत. आदर्श उपविधींनुसार गच्चीची आणि तिच्यातून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती ही संस्थेची जबाबदारी आहे, हे वाचून दाखवल्यावर तो मुद्दा मिटला. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंडातून (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या निधीतून) सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने ४ लाख काढले, उरलेल्या रकमेपोटी प्रत्येक सदनिकेवर सुमारे ३७ हजार आले आणि ते तीन हप्त्यांत घेतले. पालिकेची परवानगी आर्किटेक्टमार्फत, चारही बाजू उघड्या ठेवण्याच्या अटीवर घेतली. तीशिवाय काम सुरू करू नये.

नुसते वॉटरप्रूफिंग आम्हाला अडीच-पावणेतीन लाखांत झाले असते, आणि ज्यांचा स्लॅब धडधाकट आहे त्यांनी तेच करावे. आमच्या गच्चीवर मात्र गळती रोखण्यासाठी घातलेल्या कोब्यावर (सिमेंटच्या थरावर) कोबा चढून आधीच ओझे वाढले होते. तसेच ज्या सोसायटीचा पुनर्विकास दोन-तीन वर्षांत खरोखर होणार आहे, तिने दहा लाख पत्र्यात घालू नयेत. आमचा तो अजून चर्चेच्याही टप्प्यावर नाही.

ठेकेदाराची पाच टक्के रक्कम, म्हणजे सुमारे ४२ हजार रुपये, करारानुसार दुसरा पावसाळा संपेपर्यंत आमच्याकडेच आहे. येत्या मेमध्ये पन्हळी साफ करणे, सर्व स्क्रू आवळणे आणि कडक झालेले वॉशर बदलणे यासाठी त्याने आठ हजार मागितले आहेत. स्क्रू आणि वॉशर हमीच्या काळात त्यानेच पाहायचे आहेत, तेव्हा आम्ही फक्त पन्हळींच्या सफाईचे पैसे देऊ, असे त्याला लेखी कळवले आहे.