ओपीडीतल्या तीन प्रश्नावल्या: पीएचक्यू-९, हिट्स आणि पीसी-पीटीएसडी-५

डोकं दुखतं, झोप लागत नाही, अंगावरून पांढरं जातं. अशा तक्रारी घेऊन एकच बाई वर्षातून पाच वेळा सरकारी दवाखान्यात येते, तेव्हा घरात काय चाललंय हे विचारायला जनरल ओपीडीच्या हाताशी असलेली ही तीन साधनं. तिन्ही कागदावरची आहेत, तिन्ही पाच मिनिटांत होतात. पण एकही एकटं पुरत नाही.

पीएचक्यू-९ नैराश्य मोजते. गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा वर गेली की पुढची तपासणी. वापरायला परवानगी वा पैसे लागत नाहीत. गर्दी असेल तर पहिले दोनच प्रश्न विचारावेत आणि ३ किंवा जास्त गुण आले तरच उरलेले सात. थकवा, भूक आणि झोपेचे प्रश्न मात्र फसवतात. रक्त कमी असलेल्या किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचे गुण तिथेच चढतात, म्हणून हिमोग्लोबिन सोबत बघावं.

नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरून जाण्याच्या विचाराला, १ गुण जरी आला तरी बेरजेकडे न बघता त्याच दिवशी पुढचं विचारावं: कसं करायचं ठरवलंय, याआधी प्रयत्न झालाय का, घरात उंदराचं औषध किंवा फवारणीचं औषध आहे का. विचारल्यामुळे हा विचार डोक्यात भरत नाही. गोळ्या द्यायच्या तर आठवड्याच्याच द्याव्यात. ॲमिट्रिप्टिलिन या नैराश्यावरच्या गोळ्यांचा महिन्याचा साठा अशा घरात जाणं धोक्याचं आहे.

या प्रश्नावलीचा खरा दोष वेगळाच आहे. ती कारण विचारत नाही. मारहाण सुरू असलेल्या घरातल्या बाईला १४ गुण पडतात, झोपेची गोळी मिळते, आणि जिथे रात्री सावध राहायला हवं तिथे ती गुंगीत पडते. आजार नोंदला जातो, हिंसा तशीच राहते.

म्हणून हिट्स. नवरा किंवा जोडीदार मारतो का, पाणउतारा करतो का, धमकावतो का, ओरडून शिव्या देतो का, असे चार प्रश्न. प्रत्येकी १ ते ५ गुण, १० च्या वर बेरीज गेली की धोका. सिस्टरलाही तोंडपाठ होते. पण बेरजेवर विसंबू नये. जाळून टाकण्याची धमकी ‘क्वचित’ मिळत असेल तर २ गुण, बाकी तिन्ही ‘कधीच नाही’ म्हणून १, एकूण ५. कागदावर ती सुरक्षित ठरते! शिवाय सासू, दीर, दारुडा मुलगा यांची इथे विचारपूसच नाही. शरीरसंबंधाची बळजबरी नाही, घरखर्च आणि औषधपाणी अडवणंही नाही. ते आपण वेगळं विचारायचं.

पीसी-पीटीएसडी-५ भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणारा आघात (पीटीएसडी) हेरते. ती अमेरिकेत माजी सैनिकांसाठीच्या यंत्रणेत तयार झाली. आधी भयंकर प्रसंग घडला का हा प्रश्न, मग गेल्या महिन्याबद्दल पाच हो-नाही. घडून गेलेल्या आघातासाठी ती चांगली आहे: बलात्कार, दंगल, हाणामारीत जखमी झालेले पुरुष. चालू असलेल्या छळात मात्र ‘सतत सावध असता का’ याचं ‘हो’ हे लक्षण नसून शहाणपण असू शकतं. आमच्या मते कॅज्युअल्टीत पहिल्या दिवशी ती काढूच नये. पाठपुराव्याच्या भेटीत महिन्याने काढावी.

तिन्हींना लागते एक दार बंद होणारी खोली. सोबत आलेल्या सासूला केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवावं, नातेवाइकाला दुभाषा करू नये. सुरुवात अशी: “ताई, अशा जखमा घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला आम्ही विचारतो, घरी कुणी हात उगारतं का?” जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वं सरसकट सगळ्यांना विचारायला सांगत नाहीत. खुणा किंवा लक्षणं दिसली तर विचारा, आणि एकांत, प्रशिक्षित माणूस व पुढे पाठवायची सोय असेल तरच, असं त्यांचं म्हणणं. ‘जिन्यावरून पडले’ म्हणणारीच्या दंडावर बोटांचे वळ असतात, ‘स्टोव्हचा भडका’ म्हणणारीची साडी मागून जळलेली असते. खुणा त्या ह्याच.

पुढे पाठवायची सोय कशी असावी याचा नमुना मुंबईत आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, तेही रुग्णालयाचाच एक विभाग म्हणून. बाईला ‘दवाखान्यात चालले’ एवढं सांगून समुपदेशकापर्यंत पोचता येतं, हे त्याचं मोठं बळ. ही सोय नसेल तिथे निदान घरगुती हिंसेत मदत करणारे सरकारी संरक्षण अधिकारी, महिला हेल्पलाइनचा १८१ आणि मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हे क्रमांक ओपीडीच्या टेबलावर हवेत. घरी जाणं धोक्याचं असेल तर त्या रात्री निरीक्षणाखाली भरती करून घ्यावं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार तिने मागितले तर उपचार द्यावेच लागतात.

शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. आपल्याकडे केसपेपर रुग्णाच्याच पिशवीत घरी जातो आणि नवरा तो वाचतो. म्हणून भरलेली प्रश्नावली केसपेपरला टाचू नये. ती रुग्णालयाच्या फाइलमध्ये कुलपात ठेवावी. तिथे तिचेच शब्द, कोणी मारलं ते, आणि प्रत्येक जखमेची जागा, रंग व सेंटीमीटरमधली लांबी लिहावी. घरी जाणाऱ्या कागदावर फक्त पुढची तारीख आणि खोली क्रमांक.