तीन डोकी, दोनच जबडे: स्वस्तातल्या रिकास्ट घिडोराचा रिव्ह्यू

घिडोरा म्हणजे जपानी सिनेमातला तीन डोक्यांचा मॉन्स्टर, आणि किट म्हणजे सुटे पार्ट घरी कापून, जोडून, रंगवून त्याचा पुतळा बनवायचा तो संच. आधीच सांगतो, हा ओरिजिनल किटचा रिव्ह्यू नाही. रिकास्ट आहे. म्हणजे कुणीतरी ओरिजिनल किट विकत घेतलं, त्याच्या पार्टांवरून साचे काढले आणि कॉप्या पाडून विकायला बसला. घेताना मला हे माहीत होतं, त्यामुळे त्या बाबतीत तरी फसवलं असं म्हणायला तोंड नाही. ओरिजिनल व्हिनिलचा, म्हणजे मऊ पीव्हीसी प्लास्टिकचा, किंग घिडोरा सेकंडहँड बघायला गेलं की किंमत बघून आपण गुपचूप टॅब बंद करतो, आणि हा घरपोच ४,२०० ला दिसत होता, रात्रीचा दीड वाजलेला, दाबलं बटण.

जानेवारीत ऑर्डर, फेब्रुवारीच्या शेवटी पार्सल. खोका नाहीच, नुसती प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यावर टेपचे वेढे. आत सगळे पार्ट एकमेकांत कोंबलेले, मोठे दोन पंख सरळ घडी घालून. नवीन रेनकोटला येतो तो वास, पण दहा रेनकोटांचा एकदम. बायकोने पिशवी जशीच्या तशी गॅलरीत नेऊन ठेवली. इन्स्ट्रक्शनचा कागद म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, जपानी मजकूर, चित्रांचे नुसते काळे डाग. लिस्टिंगमध्ये २३ पार्ट लिहिलेले, मोजले तर २२. परत मोजले, २२. डाव्या डोक्याचा खालचा जबडा गायब. विक्रेत्याला फोटोसकट मेसेज टाकला तर उत्तर आलं की कृपया पुन्हा तपासा, आणि चार दिवसांनी, पुढच्या ऑर्डरवर दहा टक्के सूट देतो. पुढची ऑर्डर!

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घिडोरा म्हणजे गॉडझिलाचा जुना वैरी. तीन डोकी, दोन शेपट्या, अवाढव्य पंख, हात नाहीत, अंगभर सोनेरी खवले. १९६४ साली जपानी पडद्यावर पहिल्यांदा आला तेव्हा सूटच्या आत एक माणूस आणि माना वरून तारांनी हलवणारी माणसं वेगळी, एकदम कळसूत्री बाहुल्यांचा खेळ. नंतर ८० च्या दशकात तिकडच्या हौशी लोकांनी घरीच असले मॉन्स्टर घडवून त्याच्या थोड्या थोड्या कॉप्या विकायला सुरुवात केली, त्यालाच गॅरेज किट म्हणतात. त्यांची वंडर फेस्टिव्हल नावाची जत्रा १९८५ पासून भरते, अलीकडे चिबाच्या माकुहारी मेस्सेला, वर्षातून दोनदा. तिथली एक पद्धत भारी आहे, कॅरेक्टरचा मालक हौशी कारागिरांना त्या एका दिवसापुरतीच विक्रीची परवानगी देतो. संध्याकाळ झाली की दुकान बंद, ते किट परत तसं विकायचं नाही. म्हणून असला माल मुळात थोडा आणि सेकंडहँडचे भाव आभाळाला, आणि रिकास्टवाल्यांचं नेमकं तिथेच फावतं.

व्हिनिलचं म्हणाल तर पार्ट आतून पोकळ असतात. धातूच्या साच्यात पातळ पीव्हीसी ओतायचं, साचा तापवायचा, आतल्या बाजूने थर धरला की मधलं उरलेलं ओतून टाकायचं, परत तापवून पक्कं करायचं आणि पार्ट गरम मऊ असतानाच पकडीने खेचून बाहेर काढायचा. साच्याच्या तोंडाशी जी जास्तीची कड उरते ती आपण घरी कापायची.

आता मामांचं सांगतो. मामांचा पेणला गणपतीचा कारखाना आहे, छोटाच, आणि होळीला गेलो तेव्हा मी हौसेने मधलं डोकं बरोबर घेऊन गेलो. मामांनी ते हातात घेतलं, खवल्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे मालावरून काढलेलं आहे, मूळ साच्यातलं नाही." मी एक शब्द बोललो नव्हतो. म्हटलं कसं कळलं? "अरे कडा बघ ना, सगळ्या झोपल्यात. आणि हा इथे बुडबुडा आलाय, तो पण कॉपी झालाय." खरंच, शिंगाच्या बुडाशी बुडबुड्याचा खड्डा होता आणि त्या खड्ड्यावर पातळशी कातडी धरलेली. मग त्यांनी एका दोन फुटी गणपतीचं सांगितलं, ज्याचा चेहरा शाडूत करायला त्यांना अख्खा पावसाळा लागला होता. पुढच्या वर्षी कुणीतरी एक मूर्ती गिऱ्हाईक म्हणून विकत नेली, तिच्यावरून रबराचा साचा काढला आणि त्याच्या पुढच्या वर्षी तोच गणपती बाजारात, मामांपेक्षा स्वस्त. "नाक बसकं आलं होतं त्यांचं. पण गिऱ्हाईकाला काय त्याचं, गिऱ्हाईक भाव बघतं." एवढं बोलून माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून चहा प्यायलो.

असो. बांधणीकडे येऊ.

पहिलं काम धुणं. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेलकट काहीतरी आणि व्हिनिलचा स्वतःचा चिकटपणा, दोन्ही अंगावर असतं. विम लिक्विड, कोमट पाणी, जुना टूथब्रश, आणि हे दोनदा करा, मी एकदाच केलं आणि शेपटीवर रंगाच्या वेळी भोगलं. मग कापणं. थंड व्हिनिल कापायच्या फंदात पडू नका, ब्लेड अडकतं आणि एकदम सटकतं, माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून खूण आहे. पातेल्यात पाणी उकळवा, गॅस बंद करा, पार्ट अर्धा मिनिट बुडवा, चिमट्याने बाहेर. मग ब्लेड असं जातं की खरवसातून सुरी जावी. ती कड गोल गोल सुटत हातात येते ना, तेवढ्यासाठी मी अजून एक किट घेईन. (नाही घेणार.)

गरम झालं की वाकडे पार्ट सरळ होतात, हे खरं आहे आणि अर्धवट खरं आहे. पाय, छाती वगैरे गरम पाण्यात टाकले की आपोआप मूळ आकारावर आले, जादूच वाटते. पण पंख पातळ, आणि पिशवीत दीड महिना घडी होऊन पडलेले. गरम करून सरळ केले, थंड पाण्यात बुडवून आकार धरला, झोपलो, सकाळी बघतो तर परत पापडासारखे कडेने वळलेले. शेवटी स्वयंपाकघराच्या कामातून उरलेल्या दोन लाद्या होत्या, त्यांच्यामध्ये गरम पंख ठेवून वर मीठ-पिठाचे डबे, आणि रात्रभर तसंच. असं तीनदा केलं तेव्हा कुठे ऐकलं. उजव्या पंखाला घडीवर दोन इंचांची चीर होती. तिला आतून कापलेल्या कडेचाच एक तुकडा ठिगळ म्हणून फेविक्विकने चिकटवला. व्हिनिलला व्हिनिलचं ठिगळ फेविक्विकवर असं धरतं की परत निघत नाही. वरची फट भरायला फेविक्विकचा थेंब आणि त्यावर चिमूटभर खायचा सोडा, क्षणात दगड होतो, मग पाणी लावून पॉलिश पेपर. कोरडा पेपर मारलात तर व्हिनिलला नुसती लव येते. आणि हे करताना खिडकी उघडी ठेवा, सोडा पडला की जो धूर येतो तो थेट डोळ्यात जातो.

जोड मात्र वाईट. रिकास्टचं खरं दुखणं हेच आहे. प्रत्येक कॉपीत माल थोडा आकसतो, आणि सगळे पार्ट सारखेच आकसत नाहीत. मधली मान खांद्याच्या खाचेत चार मिलिमीटर सैल, उजवी मान त्या खाचेत जायलाच तयार नाही, शेपटीच्या जोडाला तर एका बाजूने पायरीच पडलेली. उजवी मान मागून आणलेल्या हेअर ड्रायरने तापवून दाबून बसवली. मधलीला एम-सीलचा कॉलर केला आणि ओला असतानाच दाभणाने खवले कोरले, बोट पाण्यात बुडवत राहायचं नाहीतर सगळं बोटालाच येतं. जवळून बघितलं तर माझे खवले किटच्या खवल्यांपेक्षा जास्त ठसठशीत आहेत. ही माझी तारीफ नाही, किटवरची टीका आहे.

डावा जबडा तर पूर्णच घडवला. आधी उजव्या जबड्याचा ठसा घ्यावा असा विचार आला, मग आठवलं मामा काय बोलले होते, आणि तसंही डाव्या तोंडाचा कोन वेगळा आहे. तारेचा यू वाकवला, त्यावर एम-सील, दात वेगळे वळून टोचले. दोन संध्याकाळी गेल्या. थोडा बोळका वाटतो, चालतंय.

आता वजन. व्हिनिल पोकळ, पंख मोठे, म्हणजे पुतळा मागे कलंडणार हे नक्की. शिवाय आमच्या डोंबिवलीच्या एप्रिल-मेमध्ये व्हिनिल नुसतं उभं राहून राहून वाकतं, पोटऱ्या हळूहळू गुडघे टेकल्यासारख्या होतात. मामांनी फोनवर सांगितलं की प्लास्टरमध्ये काथ्या कापून घाल, तडकणार नाही, आम्ही मूर्तीला घालतोच. पण प्लास्टर सेट होताना तापतं आणि व्हिनिलला ताप म्हणजे काय ते आपण पातेल्यात बघितलंय. म्हणून पाय थंड पाण्याच्या बादलीत उभे करून, एका वेळी वाटीभरच प्लास्टर, गुडघ्यापर्यंतच. आणि लगेच वरून बंद करू नका, आतलं पाणी सुकायला मी आठ दिवस उघडं ठेवलं. मानांमध्ये प्लास्टर नाही घातलं, तिन्हीत जाड ॲल्युमिनियमची तार घालून ती छातीत एम-सीलने पकडली. म्हणजे १९६४ ला माना तारांवरच होत्या आणि माझ्या घरीही तारांवरच, फक्त माझ्याकडे वर बसून ओढायला माणसं नाहीत.

रंगाला मी माती खाल्ली. हार्डवेअरच्या दुकानातून सोनेरी स्प्रे आणला, नशीब की आधी फक्त एका शेपटीवर मारला. दोन दिवसांनी हात लावला, चिकट. आठवड्याने चिकट. पंधरा दिवसांनी शेपटीवर माझ्या बोटांचे ठसे, मांजराचा एक केस आणि एक मेलेलं चिलट. यात त्या डब्याचा दोष नाही, व्हिनिल मऊ राहावं म्हणून त्यात जे प्लास्टिसायझर असतं ते वर झिरपत राहतं आणि ऑइल बेसचा, इनॅमलचा रंग वाळूच देत नाही. जाड थर, अर्धवट धुणं, दोन्ही माझीच पापं. थिनरने पुसायला जाऊ नका, व्हिनिल फुगतं. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश घेऊन एक रविवार घालवला. मग सरळ पाण्याचे ॲक्रिलिक, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळतात तेच, पातळ पातळ थर. आधी सगळ्याला गडद तपकिरी, तो वाळला की सोनेरी रंग ब्रशवर घेऊन जवळजवळ सगळा कागदावर पुसून टाकायचा आणि उरलेला नुसता खवल्यांवरून फिरवायचा. फटीत तपकिरी राहतो, उंचवट्याला सोनं लागतं. जिथे रिकास्टचे खवले झोपलेत तिथे सोन्याला धरायला काही नाही, तिथे सपाट चट्टाच दिसतो, छातीवर खास करून.

डोळे मामांनी केले. मे महिन्यात कारखान्यात उसंत नसते, तरी तिन्ही डोकी मांडीवर घेतली, झिरो नंबरचा ब्रश, श्वास धरून सहा डोळ्यांची आखणी दहा मिनिटांत. गणपतीची सवय असल्यामुळे असेल, मधलं डोकं जरा प्रेमळच दिसतं.

तर पाचपैकी किती? किटला दोन. विक्रेत्याला अर्धा, तोही पार्सल हरवलं नाही म्हणून. पार्टांची जाडी सारखी नाही, डिटेल मेलेलं, जोड बसत नाहीत, एक पार्ट नाहीच. ४,२०० चं किट, वर पुट्टी, रंग, तार, ब्लेड मिळून अकराशे, आणि सुट्टीचे सगळे मिळून नऊ दिवस. पहिलंच किट म्हणून कुणी घेणार असेल तर घेऊ नका, एक डोकं, दोन पाय असलेला, उभा मॉन्स्टर घ्या, आणि जमलं तर थोडे थांबून मूळ कारागिराचाच घ्या, ज्याने खवला न् खवला कोरला त्याला माझ्या ४,२०० मधला एक रुपया गेलेला नाही आणि हे मला पेणला चहा पिताना जेवढं बोचलं तेवढं ऑर्डर देताना बोचलं नव्हतं. पण व्हिनिल शिकायला, कापायला, बिघडवून दुरुस्त करायला हे बरं पडलं, ओरिजिनलवर मी ब्लेड चालवायची हिंमत केली नसती.

सध्या टीव्हीच्या बाजूला उभा आहे. गेल्या आठवड्यातल्या उकाड्यात तार असूनसुद्धा उजवी मान अर्धा इंच भिंतीकडे वळली. ड्रायर परत केलाय, आता पाऊस पडल्यावर बघू.