‘परफेक्ट’ म्हणणाऱ्या क्लायंटने मला घातलेली ९३,३३० रुपयांची टोपी

७,६५०, मग ५५,०८०, मग ३०,६००. एकूण ९३,३३० रुपये. हा हिशोब मी बँकेत सांगितला, पोलीस ठाण्यात सांगितला, घरी नवऱ्याला सांगितला, आणि प्रत्येक ठिकाणी समोरच्याच्या चेहऱ्यावर एकच भाव: शिकलेल्या दिसता, मग असं कसं झालं? परदेशातून पैसे आलेत, ते सोडवायला आधी तुम्ही पैसे भरा, हा प्रकार आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होता. पण मला कुणी लॉटरी लागल्याचं सांगितलं नव्हतं. मला काम दिलं होतं आणि ते काम मी रात्री जागून केलं होतं. घामाचे पैसे सोडवायला माणूस जातो तेव्हा त्याला हाव सुटली असं म्हणत नाहीत. ज्यांना तसंच म्हणायचंय त्यांनी इथेच थांबावं.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. आपल्याकडे या कामाचे मला पानाला १,८०० रुपये मिळतात, तेही पुस्तक छापून आल्यावर, दोनदा फोन केल्यावर. त्यामुळे बाहेरचं काम मिळावं ही इच्छा प्रत्येक चित्रकाराला असते. यात गुन्हा काय?

मेल आला तो अमेरिकेतल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या नावाने. त्यात पैशाचा विषयच नव्हता. तुमच्या चित्रांच्या मागे ते ठिगळासारखे कापडाचे पोत दिसतात, ते कुठून सुचतात, एवढंच विचारलं होतं. आजवर हे मला एकाही संपादकाने विचारलेलं नाही. ‘कधी देताय’ हे सगळ्यांनी विचारलं. मी लांबलचक उत्तर लिहिलं. आजीच्या वाकळीबद्दल लिहिलं: जुन्या नऊवारी लुगड्यांचे थर, अंग विटून राखाडी झालेलं पण काठाचा हिरवा रंग अजून शाबूत, आणि कडेकडेने सुरू होऊन आत आत जाणारा धावदोरा. ती वाकळ मी तुकड्यातुकड्याने स्कॅन करून ठेवलीय आणि माझी आभाळं, शेतं, भिंती सगळं त्यातूनच येतं, हेही लिहिलं.

चारेक दिवसांत बाईंची गोष्ट आली. एक मुलगी, तिची आजी, आणि एक गोधडी जिच्या प्रत्येक तुकड्यात एक आठवण. वाचून माझ्या अंगावर काटा आला. कुठे अमेरिका, कुठे आमचं जिल्ह्याचं गाव, आणि बाईंच्या मनात नेमकं तेच! आता डोकं शांत झाल्यावर दोन्ही मेल शेजारी ठेवून पाहिले. माझ्या मेलमधल्या गोष्टी त्याच क्रमाने तिच्या कथेत आहेत. विटलेलं अंग, हिरवा काठ, आत जाणारे टाके. माझाच मेल कुठल्यातरी चॅटबॉटमध्ये घालून गोष्ट पाडून घेतलेली, दुसरं काही नाही. कुणी तुमच्या प्रेरणेची अशी आपुलकीने चौकशी केली तर दोन ओळींत आटपा. मुलाखत देत बसू नका.

बाकी सगळं धंद्याच्या भाषेत होतं, हे मुद्दाम सांगते. बत्तीस पानांचं पुस्तक, कारण फॉर्म, म्हणजे छापून घडी घातलेला एक मोठा कागद, सोळा पानांचा. सुरुवातीची पानं शीर्षक आणि श्रेयांना, उरलेल्यात जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एक चित्र. कागद कापताना जाईल म्हणून कडेला तीन मिलिमीटर जास्तीचं चित्र. इटलीतल्या बोलोन्याच्या पुढच्या मेळ्यात पुस्तक मांडायचंय म्हणाल्या. मुलांच्या पुस्तकांचा तो मेळा १९६४ पासून भरतो, चित्रकारांचं प्रदर्शन १९६७ पासून. आम्हा लोकांची ती पंढरीच. मोबदला ३,६०० डॉलर. तेव्हाचा डॉलर ८५ धरला तर ३,०६,००० रुपये. पानाला साडेनऊ हजार पडले, आणि परदेशात हा दर काही अचाट नाही. त्यांनी दहा हजार डॉलर म्हटलं असतं तर मी तिथेच ओळखलं असतं. सहा जोडपानं पूर्ण झाली की सगळी रक्कम एकदम पाठवते, कारण दर वेळी वायर ट्रान्सफरचा खर्च पडतो, म्हणाल्या. मला पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

आता ती जागा, जिच्यावरून माझा जीव अजून जळतो.

कच्ची रेखाटनं पाठवली. संध्याकाळी सहाला मेल केला, सहा वीसला उत्तर: ‘परफेक्ट’. बारा रेखाटनं, वीस मिनिटं, एक शब्द. या क्षेत्रात काम केलेल्या कुणालाही विचारा, कच्च्या कामावर असं उत्तर कधी येतं का? खरा संपादक म्हणतो, पान सहावर मुलीला दोन वेण्या आहेत, आठवर एकच कशी? फ्रॉकला खिसा होता तो कुठे गेला? मजकुराला जागा कुठे ठेवलीत? एका प्रकाशकाने माझ्याकडून एका बैलाची शिंगं पाच वेळा बदलून घेतली होती. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, आज त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

आणि एवढ्यावर थांबलं नाही. पाठवल्यावर माझ्याच लक्षात आलं की चौदा-पंधरा या जोडपानावर आजीचा चेहरा बरोबर मध्ये, घडीत पडतोय. छापून बांधल्यावर आजीचं नाक शिवणीत गेलं असतं. मीच मेल केला, चेहरा डावीकडे सरकवते म्हणून. पुस्तक काढायला निघालेली बाई यावर काय म्हणेल? बरं झालं, म्हणेल. किंवा निदान विचारेल की घडी म्हणजे काय. उत्तर आलं: ‘परफेक्ट!’ यावेळी उद्गारचिन्हासकट. तिने चित्र उघडूनच पाहिलं नव्हतं. मला ते खटकलंही होतं. पण मी मनाशी काय म्हटलं? हौशी लेखिका आहे, माझ्यावर विश्वास टाकलाय. वर्षानुवर्षं नाकं मुरडणाऱ्यांसोबत काम केल्यावर कुणी भरभरून कौतुक करतंय तर त्याची उलटतपासणी करायची बुद्धी होत नाही.

सहा जोडपानं रंगवून पाठवली. ३०० डीपीआयच्या, म्हणजे थेट छापता येतील अशा फायली, पुसटशीही खूण न टाकता. तुम्ही असं करू नका. पैसे खात्यात दिसेपर्यंत ७२ डीपीआय, फक्त पडद्यावर बघण्यापुरतं, आणि चित्रावर आडवं नाव.

मग ‘बँकेचा’ मेल आला. त्याआधी मी शाखेत फोन करून विचारलं होतं, परदेशातून पैसे येणारेत, काय करावं लागतं? उत्तर मिळालं, ‘फॉरेनचं आमच्याकडे नसतं मॅडम, मुंबईहून मेल येईल तुम्हाला.’ आणि आला ना मेल! लोगो तोच, खाली मुंबईचा पत्ता, सोबत स्विफ्टची, म्हणजे बँका परदेशी पैसे पाठवतात त्या यंत्रणेची पावती, रक्कम बरोबर ३,६०० डॉलर. मागोमाग एका सभ्य आवाजाच्या माणसाचा हिंदीत फोन, परकीय चलन विभागातून. पर्पज कोड (पैसे कशाचे आले ते सांगणारा) काय टाकायचा, एफआयआरसी (परदेशातून पैसे आल्याचा दाखला) हवंय का, असं विचारत होता. हे शब्द खरेच आहेत, परदेशी काम करणाऱ्या मैत्रिणींकडून मी ते ऐकलेले होते.

पहिले अडीच टक्के चलन बदलण्याचे: ७,६५०. मग अठरा टक्के जीएसटी, नंतर परत मिळणारा: ५५,०८०. मग दहा टक्के टीडीएसची अनामत: ३०,६००. पैसे जायचे कुठल्याशा ट्रेडर्सच्या खात्यात, ‘आमची नोडल एजन्सी’ म्हणून. चौथ्यांदा मनी लाँडरिंग नसल्याच्या दाखल्याचे ४८,००० मागितले, तेव्हा मी पर्स उचलून थेट शाखेत गेले.

त्या जीएसटीचं ऐका. चलन बदलताना कर सगळ्या रकमेवर लागतच नाही. एक लाखाच्या वर आणि दहा लाखांच्या आत रक्कम असेल तर एक हजार रुपये अधिक लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का, एवढंच सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर अठरा टक्के. माझ्या ३,०६,००० वर हे मूल्य होतं २,०३० आणि कर ३६५ रुपये ४० पैसे. तोही बँक आलेल्या पैशांतूनच कापून घेते. टीडीएसही देणाराच कापतो, घेणाऱ्याने आगाऊ भरायचा टीडीएस जगात अस्तित्वात नाही. पैसे येण्यासाठी आधी पैसे मागितले की फोन ठेवा. पावती खरी वाटली तरी ठेवा, पावती फोटोशॉपमध्ये बनते, हे मी चित्रकार असून सांगतेय.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा फोन नंबर १९३०, तो लागला, तक्रार नोंदवली, तक्रारीचा क्रमांक मिळाला. तुमच्यावर वेळ आली तर आधी हेच करा, नातेवाइकांना नंतर सांगा. पहिल्या काही तासांतच पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात. माझे ११,२४० रुपये त्या ट्रेडर्सच्या खात्यात गोठवले गेले. बाकीचे उडाले होते.

पोलीस ठाण्यात काय झालं ते लिहिताना हात थरथरतो. हवालदारांचा पहिला प्रश्न: ‘चित्रं काढून तीन लाख मिळतात?’ दुसरा: ‘पैसे तुम्हीच पाठवले ना?’ हो, मीच पाठवले. फसवणूक म्हणतात ती यालाच. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड आहे, मी कागदावर लिहून नेलं होतं. साहेबांनी कागद न वाचता परत दिला. खातं परराज्यातलं आहे, आमच्या हद्दीत येत नाही म्हणे. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची असते, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, असं म्हटलं तर म्हणाले, ‘तुम्ही वकील आहात का चित्रकार?’ शेवटी एफआयआर नाहीच, साधा अर्ज घेतला. पोच मागून घेतली म्हणून मिळाली. तुम्हीही शिक्क्यासकट पोच घ्या, त्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

अर्जात नुकसानीचा रकाना होता. त्यात ९३,३३० लिहिले. मी म्हटलं, सहा जोडपानं गेली, दीड महिन्याचं काम गेलं, ते कुठे लिहायचं? ‘चित्रं तर तुमच्याकडे आहेतच की.’ आहेत. पण मोठ्या फायली त्या ठगांकडेही आहेत, उद्या कुठल्या देशात कशावर छापतील मला कळणारही नाही. कॉपीराइट माझाच आहे, तो मी कुणाला लिहून दिलेला नाही. पण कोर्ट कुणाविरुद्ध करू? त्या बाईचं नावही खरं नसणार.

बँकेचं तर विचारूच नका. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक मी दाखवलं, कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर जबाबदारी नाही. ते म्हणाले, ते तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर. बरोबर, त्या परिपत्रकात तसंच होतं. पण मग ‘मुंबईहून मेल येईल’ हे कोण म्हणालं होतं? ते फोनवर कोण बोललं ते सांगता येत नाही म्हणाले. लेखी तक्रारीचं उत्तर आलं, त्यात ‘ग्राहकांनी सतर्क राहावे’ असं छापील वाक्य होतं आणि माझं आडनाव चुकलेलं होतं.

गोठवलेले ११,२४० मिळवायला मला कोर्टाचा आदेश आणायला सांगितला. वकिलांची फी ५,०००. तरी अर्ज केलाय, कारण आता प्रश्न पैशांचा राहिला नाही.

हे सगळं आता लिहायचं कारण असं की गेल्या आठवड्यात नागपूरच्या एका चित्रकार मैत्रिणीला मेल आला. लेखिकेचं नाव वेगळं, देश कॅनडा, पण सुरुवात तीच: तुमच्या चित्रांतले पतंग कुठून सुचतात? तिने अजून उत्तर दिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला असा मेल आला असेल तर तो डिलीट करू नका. मूळ हेडरसकट, म्हणजे मेल कुठून कसा आला त्या नोंदीसकट, जपून ठेवा, स्क्रीनशॉट पुरत नाही. पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार करा आणि मला कळवा. पाच-सहा तक्रारींमध्ये तेच ट्रेडर्सचं खातं निघालं, तर निदान हद्दीचं कारण तरी पुन्हा ऐकवता येणार नाही.