आउटबोर्ड फ्लश करायचे मफ्स: घ्याच, पण क्लिप बघून

खाऱ्या पाण्यात बोट चालवत असाल तर आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, गोड्या पाण्याने आतून धुवायला (फ्लश करायला) हे मफ्स हवेतच. दोन रबरी वाट्या, मधे स्प्रिंगची क्लिप, बाकी काही नाही. इंजिनच्या खालच्या भागात जिथून पाणी आत खेचलं जातं त्या जाळ्यांवर दोन्ही बाजूंनी चढवायच्या, नळाचा पाइप लावायचा, आधी पाणी सोडायचं आणि मगच इंजिन चालू करायचं, तेही न्यूट्रलमधे. उलटं केलंत तर पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) कोरडा फिरून बघता बघता जातो.

रबर मस्त जाड आहे, ओलं करून दाबलं की घट्ट बसतं. मागून पिचकारीसारखी धार आली की समजायचं पाणी वरपर्यंत पोचतंय, धार बारीक झाली की लगेच बंद. चांगली १०-१५ मिनिटं चालू द्या, कारण थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला वाट देणारी झडप) गरम होऊन उघडल्याशिवाय आतलं सगळं मीठ धुतलंच जात नाही, लोक दोन मिनिटांत उरकतात आणि मग इंजिन तापतंय म्हणून बोंबलतात.

तक्रार एकच, क्लिप. गंजते, सैल पडते आणि मग एक वाटी हळूच घसरते, त्यामुळे इंजिन चालू असताना जागचं हलायचं नाही, आणि प्रोपेलरजवळ हात तर अजिबात नाही. पाइपचं प्लास्टिकचं टोक थोडं ठिबकतं, पण वॉशर टाकला की भागतं. ज्या इंजिनला पाणी पार खालून, गिअरकेसच्या (प्रोपेलरजवळच्या गिअरच्या डब्याच्या) नाकातून जातं त्यांनी मात्र घेऊ नका, बसणारच नाही. पाचपैकी चार स्टार.