लैंगिक हिंसेसाठीच्या हेल्पलाइनचा अनुभव : पाचपैकी चार तारे

आधी तक्रार. पहिल्यांदा फोन लावला तेव्हा सहा मिनिटं तीच ती धून वाजत राहिली. बावीस वर्षं गप्प बसलेल्या बाईला सहा मिनिटं फार होतात, ठेवून दिला. चार दिवसांनी बाथरूममध्ये नळ सोडून पुन्हा लावला, घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. या वेळी लगेच उचलला.

समोरच्या बाईंनी नाव विचारलं नाही. "आत्ता सुरक्षित आहात ना?" एवढंच. मी "माझं तसं काही फार मोठं नाही" असं चाचरत सुरू केलं, तर त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. "तेव्हाच का नाही सांगितलं?" याचं उत्तर मी घोकून ठेवलं होतं. प्रश्न आलाच नाही. (करणारा नात्यातलाच, सांगणार कुणाला?)

माहिती पक्की आहे. हल्ला नुकताच झाला असेल तर एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करायची. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवायचे, प्लास्टिकच्या नाही, ओल धरते. मी तेव्हा साबणाची वडी झिजेपर्यंत कपडे धुतले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अंदाजात जोडीदार सोडून इतर कुणी लैंगिक हिंसा केल्याचं सांगणाऱ्या स्त्रिया ६ टक्के. खरा आकडा बराच जास्त असणार, हेही संघटनाच म्हणते. माझ्यासारख्या त्यात कुठून येणार?

एक तारा त्या धुनीपायी कापला. चॅट रात्री दहाला बंद होतं, तेही खटकलं.