रस्किन की चिनी चित्रपोथी?

निसर्गचित्राचं रेखाटन जुन्या पुस्तकांवरून शिकायचं ठरवलं, की माझ्या मते निवड शेवटी दोघांवर येते. एक, इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनचं 1857 सालचं ‘एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’. दुसरी, चिनी चित्रकार वांग गायनं सिद्ध केलेली, 1679 साली निघालेली ‘मस्टर्ड सीड गार्डन’ ही चिनी चित्रपोथी. मी दोन्हींवर हात घासला आहे.

पोथी पहिल्याच बैठकीत काहीतरी पदरात टाकते. आधी झाड, झाडात आधी खोड, मग चार दिशांना फांद्या. दगडाला तीन बाजू. पानांसाठी ठिपक्यांचे ठरलेले प्रकार. खडकाच्या पोतासाठी तागाच्या तंतूंसारखे लांब फटकारे, नाहीतर कुऱ्हाडीच्या घावांसारखे आखूड. रस्किन मात्र झाडाकडे लवकर फिरकूच देत नाही. टाकानं आखलेला चौकोन आडव्यातिडव्या रेघांनी इतका एकसारखा भरायचा की राखाडी कापडाचा तुकडा वाटावा. मग फिकट ते गडद छटांचा सराव. वैताग येतो, खोटं कशाला बोलू.

तरी मला छळलं ते पोथीनंच. कुऱ्हाडीचे घाव एकदा हातात बसले, की समोर कसलाही खडक असो, कागदावर तोच उतरायचा. पाण्यानं गुळगुळीत झालेल्या दगडालासुद्धा माझे घाव पडायचे. बघून होण्याआधीच हात मोकळा! अर्थात, समोरचा दगड हुबेहूब टिपणं हा त्या परंपरेचा हेतूच नव्हता, त्यामुळे पोथीला बोल लावणं तसं अन्यायाचंच.

या खोडीवर उतारा रस्किनकडे मिळाला. तो म्हणतो, बारीक डहाळ्या सोडून द्या. फांद्यांमधल्या पांढऱ्या मोकळ्या जागा मात्र अशा काटेकोर काढा, जणू मोठ्या खटल्यासाठी जमिनीच्या तुकड्यांची मोजणी चालली आहे. जागा मोजायची म्हटलं की पाठ केलेला फटकारा कामाला येत नाही, मान वर करून बघावंच लागतं. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

रस्किन पाल्हाळिक आहे, उपदेशही फार करतो. त्याच्या रेघा भरून होईपर्यंत ऊन सरकलेलं असतं. कुंचला-शाईनं मनातले डोंगर उभे करायचे असतील तर पोथीच बरी. पण बाहेर बसून समोरचं झाड काढायचं असेल, तर मी रस्किनच सुचवीन. त्याचं पुस्तक तीन पत्रांच्या रूपात आहे; त्यांपैकी रंग आणि रचनेवरचं तिसरं सुरुवातीला नाही वाचलंत तरी चालेल.